पथ्य काय पाळता?

प्रिय डॉक्टर,

(हाक ऐकून अजून मागे वळून बघत असशील. होईल सवय.)

हडपसरकडे पीएसएमचं, म्हणजे सामाजिक आरोग्य विभागाचं, पोस्टिंग लागलंय, काय वाचून जाऊ, असं विचारलंस. वाचन पुरे. पेशंटला एवढंच विचार, ‘पथ्य काय पाळता?’ अंधश्रद्धा विचारलीस तर कोण कबूल करेल? पथ्याचं मात्र भरभरून सांगतात.

एकादशीचंच घे. मधुमेहाची गोळी सकाळीच घेतलेली, पोटात नुसता चहा. अकराच्या सुमारास साखर उतरून बाईला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. दुपारी साबुदाण्याची खिचडी नि बटाट्याची भाजी झाली की तीच साखर चढते. ‘उपवास सोडा’ म्हणालीस तर ती मान डोलावेल आणि पुढच्या वेळी सांगणारच नाही. त्यापेक्षा सरांना विचारून त्या दिवसाची गोळी कधी, किती ते ठरवून दे. खिचडीऐवजी वाटीभर भगर, दाण्याची आमटी सुचव.

धाक दाखवला की लोक लपवतात, हे पुण्याला नवं नाही. १८९७ च्या प्लेगात इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरं धुंडाळली, तेव्हा लोकांनी आजारी माणसं दडवली. त्याच साथीत हडपसरच्या माळावर आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्ण पाठीवरून आणत होत्या. त्यातच त्या गेल्या.

सगळ्याच रीतींशी भांडू नकोस. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर चालू दे. गालावरची तीट राहू दे, डोळ्यांत काजळ मात्र नको. पहिला चीक पिळून टाकत असतील, बाळाला मधाचं बोट चाटवत असतील, तर तिथे ठाम राहा. वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकते. आणि हे एकट्या सुनेला सांगून भागत नाही. दाराशी पिशवी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंना आत बोलाव, खुर्ची दे.

२०१९ पासून एमबीबीएसला संवाद, नीतिमत्ता शिकवतात, हे उत्तमच. आमच्या व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, असलं कुणी विचारत नसे. पण समजुती काय फक्त पेशंटच्याच असतात? सलाईनशिवाय ताकद येत नाही, हे लोकांना आजीनं नाही शिकवलं, आपल्याच दवाखान्यांनी शिकवलं. ‘पेशंट ऐकत नाही’ असं केसपेपरवर लिहून मोकळं होणं, ही आपली रीत.

नवरात्र जवळ आलंय. इन्सुलिनवर कोण कोण आहे, त्यांची यादी आत्ताच काढून ठेव. नऊ दिवसांचे उपास धरणारे त्यात निघतीलच.

तुझी,
मॅडम