स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वडिलांच्या मांड्या गळाल्या, हार्मोनची इंजेक्शनं द्यावीत का?

तुमचे वडील ५८ वर्षांचे, वजन ६२ किलो, चोपड्याकडे शेती. पेम्फिगससाठी (कातडीवर फोड येणारा आजार) आठ महिने प्रेडनिसोलोन चालू आहे, सध्या रोज २० मिलिग्रॅम. आता ओट्यावरून उठवत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. जिममधल्या ओळखीच्यानं टेस्टोस्टेरॉन किंवा ग्रोथ हार्मोन सुचवलंय. रक्त तपासल्याशिवाय यातलं एकही इंजेक्शन देऊ नका.

प्रेडनिसोलोन आणि जिममधलं 'स्टेरॉइड' नावानं सारखी, कामानं उलटी. प्रेडनिसोलोन स्नायूतलं प्रोटीन मोडतं आणि नवं बांधणंही मंदावतं. खुबा आणि मांडीचे स्नायू आधी गळतात, म्हणून माणूस सपाटीवर नीट चालतो, पण उठताना गुडघ्यांवर हात रोवतो. सहसा दुखत नाही आणि रक्तातलं सीपीके (स्नायूला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) बहुधा नॉर्मल येतं. ते वाढलेलं आलं तर कारण दुसरं शोधावं लागतं, उदाहरणार्थ स्नायूंची सूज किंवा कोलेस्टेरॉलची गोळी. सोबत पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या.

उलट काम करणारं हार्मोन द्यावं, ही कल्पना खुळी नाही. १९९० मध्ये निरोगी माणसांना प्रेडनिसोनसोबत (प्रेडनिसोलोनसारखंच औषध) ग्रोथ हार्मोन दिलं, तेव्हा प्रोटीनची झीज थांबली. पण तो अभ्यास थोड्या दिवसांचा होता, आणि ग्रोथ हार्मोन साखर वाढवतं. स्टेरॉइडनं ती आधीच चढलेली असते. टेस्टोस्टेरॉनचा पुरावा जास्त कामाचा: २००३ च्या अभ्यासात दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या ५१ पुरुषांपैकी ज्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं त्यांच्यात वर्षभरात स्नायू आणि ताकद वाढली, कमरेच्या मणक्याचं हाडही सुधारलं. स्टेरॉइडमुळे पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, म्हणून सकाळी ८ ते १० मध्ये, वेगवेगळ्या दोन दिवशी ते तपासा. दोन्ही वेळा कमी आलं तरच तो विषय काढा, तोही पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघून. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला तर इंजेक्शन थांबवावं लागतं.

खरा उपाय म्हणजे डोस कमी करणं. त्वचारोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा की अझाथायोप्रिन किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती आवरणारी दुसरी औषधं) जोडून प्रेडनिसोलोन उतरवता येईल का. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे विचारता येईल. स्वतःहून गोळी बंद करू नका. इतक्या महिन्यांत शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी झोपलेली असते, अचानक बंद केली तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं.

किडनी ठीक असेल तर रोज ७५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं, तेही तिन्ही जेवणांत वाटून. आपल्याकडची कळण्याची भाकरी इथे फार कामाची आहे. तीन भाग ज्वारी आणि एक भाग उडीद असं २०० ग्रॅम पीठ धरलं तर २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन मिळतं. दोन अंडी १२, पाव लिटर दूध ८, सुके सोया चंक्स ५० ग्रॅम म्हणजे २५, वर वाटीभर घट्ट वरण. शेवभाजी, पापड, लोणचं कमी करा, कारण मिठानं सूज आणि बीपी वाढतं.

प्रोटीन नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूला कामही हवं. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं ८ ते १० वेळा, असे तीन फेरे, दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा आणि जसं जमेल तसा एकेक पदर कमी करा. दर रविवारी ३० सेकंदांत किती वेळा उठले ते वहीत लिहा, डॉक्टरांना तो आकडा उपयोगी पडतो. हाडं पातळ झालेली असू शकतात, तेव्हा वाकून पोतं उचलायला लावू नका. मे महिन्यात हे सकाळी सातच्या आत उरका.

डोस उतरल्यावर ताकद परत येते, पण आठवडे ते महिने लागतात. त्या काळात उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर पुढच्या डोसची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि 'आठ महिने स्टेरॉइड चालू आहे' हे आधी सांगा, म्हणजे ते इंजेक्शननं देतील.