देवघेव : आधी देणं की आधी घेणं?

खानापूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: 'कवी ब्लेझ सांद्रार आणि ब्राझीलचे आधुनिकतावादी यांच्यावरच्या लेखात मी "कलात्मक देवघेव" लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून "आदानप्रदान" केलं. देवघेव हा शब्द बाजारी आहे का?'

बाजारी आहे, आणि म्हणूनच चांगला आहे. तोच ठेवा. मराठी शब्द खोडून संस्कृत जोडशब्द बसवला की लेखाचं वजन वाढतं, ही समजूत आमच्या बेळगावात कार्यक्रमांच्या पत्रिका वाचताना पावलोपावली भेटते. मला ती सहन होत नाही. तसंच ते 'माझं काही घेणंदेणं नाही'. कानाला ते थेट हिंदी 'लेना-देना' वाटतं. आपलं 'देणंघेणं' आहे की!

खरी मौज या क्रमातच आहे. हिंदीत लेन-देन, संस्कृतात आदान-प्रदान. दोन्हीकडे घेणं आधी. विद्या आधी घ्यावी आणि मग द्यावी म्हणून संस्कृतात हा क्रम, असं एका विद्वानांनी व्याख्यानात सांगितलेलं मी ऐकलंय. साफ चूक. पाणिनीचं सूत्र आहे 'अजाद्यदन्तम्' (२.२.३३). द्वंद्व समासात स्वराने सुरू होणारा अकारान्त शब्द आधी येतो. 'आदान' असा आहे, 'प्रदान' व्यंजनाने सुरू होतो. संपलं. यात विद्या कुठून आली?

आता 'देव' आणि 'घेव' पाहा. दोन्ही व्यंजनाने सुरू होतात, अक्षरंही सारखीच. मग 'दे' पुढे का? माझं मत असं की हा कानडीचा शेजार. कन्नडमध्ये 'कोडु' म्हणजे दे, 'कोळ्ळु' म्हणजे घे, आणि जोडशब्द 'कोडुकोळ्ळुविके'. रविवार पेठेत एका गिऱ्हाइकाशी मराठी आणि पुढच्याशी कानडी बोलणाऱ्या दुकानदाराच्या तोंडी दोन्ही भाषांत देणंच आधी येतं. गुजरातीतल्या 'आप-ले'कडे ('आप' म्हणजे दे) बोट दाखवून हे मत उडवून लावणारे गुजरातीतलीच 'लेवडदेवड' का विसरतात? क्रम तिथे दोन्ही चालतात. आपल्याकडे 'दे'चं ठाण पक्कं आहे, आणि त्याचं कारण दक्षिणेकडेच शोधायला हवं.

शिवाय मराठीत 'देणं' म्हणजे कर्जही आणि दानही. देणेकरी त्यातलाच, देवाचं देणंही त्यातलंच. तुमच्या लेखाला नेमकं हेच हवंय. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, स्वित्झर्लंडात जन्मलेला सांद्रार हा फ्रेंच भाषेचा कवी १९२४ मध्ये कलांचे आश्रयदाते पाउलो प्रादो यांच्या आमंत्रणावरून ब्राझीलला गेला. १९२२ च्या साओ पाउलोतल्या कलासप्ताहातली आधुनिकतावादी मंडळी त्याला घेऊन रिओचा कार्निव्हल आणि मिनास जेराइसमधली जुनी गावं पाहायला निघाली, आणि पाहुण्याच्या निमित्ताने त्यांनी आपलाच देश नव्याने पाहिला. चित्रकार तार्सिला दो आमाराल हिने त्याच्या प्रवासकवितांना रेखाटनं दिली. कवी ओस्वाल्ड दे आंद्राद याने 'पाउ-ब्राझिल' (१९२५) हा संग्रह पॅरिसमध्ये छापला आणि सांद्रारला अर्पण केला, 'ब्राझीलचा शोध लागल्यानिमित्त' असं लिहून. ही अर्पणपत्रिका म्हणजे देणगी आणि देणं फेडणं, दोन्ही. 'आदानप्रदान' या शब्दात हे मावत नाही.

एक मात्र बघा. देवघेव 'होते', 'चालते', 'वाढते'. 'देवघेव केली गेली' असं लिहिलं असेल, तर ते जरूर खोडा.