घाट, गड आणि सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ५१ वर्षांची, मिस्टर ५५ चे. रोज सकाळी २०-२५ किमी सायकल होते, दोन-तीनदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलोय. डिसेंबरमध्ये सहा दिवस सुट्टी मिळतेय, तर पुण्यातून निघून वाई, महाबळेश्वर, प्रतापगड करत खाली महाडला उतरायचं आणि रायगड बघून परत यायचं असं मनात आहे. घरचे म्हणतात या वयात पसरणी घाट चढवणार नाही. खरंच जमेल का? टप्पे कसे पाडायचे? — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, जमेल. आणि पसरणीचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, पाचगणी १,३०० च्या आसपास, म्हणजे ११-१२ किमीत जेमतेम सहाशे मीटर चढायचं, आणि चढ कसा तर एकसारखा, मध्येच अंगावर येणारा नाही. सगळ्यात हलका गिअर टाका, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच दमाने चालवा, दर दोन-तीन किमीला कठड्याजवळ थांबून खाली धोम धरणाचं पाणी बघा. दोन तास लागले तर लागू देत, कोण विचारतंय. चढावर फार तर काय होईल, पाय दुखतील, उतरून ढकलत न्याल.

मला तुमची काळजी वाटतेय ती उताराची. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट म्हणजे ४० किमीत बाराशे मीटरहून जास्त खाली येणं, वळणावर वळण. पहिल्यांदा गेले तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी सायकल सर्व्हिसिंगला दिली होती, पैसे पण घेतले त्यांनी, पण ब्रेक पॅड बदललेच नव्हते आणि मी ते तपासलं नाही. प्रतापगडाच्या फाट्याच्या पुढे मागच्या चाकातून खर्रर्र असा आवाज यायला लागला, थांबून बघते तर रबर संपून आतली पत्र्याची पट्टी रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर, घासत होती, रिमवर नखाला लागेल इतका ओरखडा, आणि रिम इतकी तापलेली की बोट लावलं तर चटकाच बसला. पुढचे दहा-बारा किमी चालत उतरले. म्हणून सांगते, निघायच्या आदल्या दिवशी चारही पॅड स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एक जोडी जास्तीची बॅगेत ठेवा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, दाबायचा सोडायचा, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात नाही. रिम ब्रेक असेल तर दर चार-पाच किमीला थांबून रिम गार होऊ द्यायची, नाहीतर आतली ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर त्याची चकती हाताने चाचपायला जाऊ नका, भाजतं.

आता टप्पे. सोमवारी निघा, म्हणजे मंगळवारी पसरणीत गर्दी कमी मिळेल. शनिवार-रविवारी आणि नाताळाच्या आठवड्यात तिथे गाड्यांची रांग लागते, त्या धुरात चढायला मजा नाही.

पहिला दिवस पुणे ते वाई, ८५-९० किमी. जुन्या कात्रज घाटाने जा, जुन्या बोगद्यात शिरायच्या आधी पुढचा-मागचा दिवा लावा, मग शिरवळ, खंबाटकी, आणि सुरूर फाट्यावरून आत. हायवेचा भाग कंटाळवाणा आहे, तो पहाटे लवकर उरकायचा. पण सुरूरहून आत वळलं की सगळं बदलतं, आम्ही गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना जुने वड होते आणि एकदम गारवा. वाईला दुपारीच पोचायचं असं ठरवूनच निघा, कारण संध्याकाळ कृष्णेच्या घाटावर गेली पाहिजे. १७६२ मध्ये सरदार रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ तर सगळे बघतात, पण तुम्ही सायकलवर आहात, तर तीन किमीवरच्या मेणवलीला नक्की जा. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीचा घाट, आणि तिथल्या देवळाजवळ टांगलेली ती मोठी घंटा, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मी तिथे अर्धा तास नुसती बसून होते.

दुसरा दिवस वाई ते महाबळेश्वर, जेमतेम ३२ किमी, पण पाय वाचवायचे म्हणून एवढाच. पाचगणीच्या पुढे रस्ता खालीवर होत जातो. वाटेत भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, घराघरात पुस्तकं मांडलेली, कुठेही बसून वाचा. डिसेंबरात स्ट्रॉबेरीही सुरू झालेली असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावरच निघा, पहाटे धुकं आणि ओला रस्ता असतो. आणि घाई करू नका, कारण हे जंगल गाडीतून दिसतच नाही. जांभूळ, हिरडा, अंजन, पिसा, डोक्यावर सगळं मिटलेलं, आणि सायकलला आवाज नसल्यामुळे शेकरू पळून जात नाही. मला एक फांदीवर आडवं पडून जांभळ्या-तपकिरी शेपटीने झोके घेत असलेलं दिसलं होतं, चांगली पाच मिनिटं. माकडं मात्र आहेत, खायचं बॅगेच्या आत, हँडलला केळी टांगायची नाहीत. वाडा कुंभरोशीच्या फाट्यावरून प्रतापगड करा (१६५६ चा गड, आणि १० नोव्हेंबर १६५९ चा अफजलखान वध याच्याच पायथ्याशी), आणि अंगात दम असेल तर पार गावाला जाऊन कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल बघा. साडेतीनशे वर्षं झाली, अजून वापरात आहे. त्यावरून स्वतःच्या पायडलवर जाताना मला जे वाटलं ते गडावरच्या गर्दीत वाटलं नव्हतं. मग पोलादपूर, तिथून १८ किमी हायवे आणि महाड. हायवेच्या या तुकड्यात कडेची पट्टी सोडू नका, ट्रक जोरात असतात.

चौथा दिवस रायगड. महाडहून २५ किमी, शेवटी चढ आहे. आदल्या दिवशीच्या उताराने मांड्या आणि मनगटं दुखत असतात, त्यात चौदाशेच्या वर पायऱ्या, तर सरळ रोपवेने जा, त्यात कमीपणा काही नाही. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा. परत येऊन संध्याकाळी चवदार तळ्यावर जा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथे ओंजळीने पाणी घेतलं ती जागा महाडच्या अगदी वस्तीत आहे, आणि गड बघायला येणारे कित्येक जण तिथे न जाताच परत फिरतात याचं मला फार वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी वरंधा घाटाने भोर, सत्तर-पंचाहत्तर किमी. हा खरा कस. समुद्रसपाटीजवळून निघून सह्याद्री परत चढायचा, माझेरीनंतर चढ सुरू. पहाटे साडेपाचला निघा म्हणजे ऊन तापायच्या आत वर भज्यांच्या टपऱ्यांपाशी पोचाल. जमणार नाही वाटलं तर महाडहून टेम्पोत सायकली टाकून भोरला या. सहाव्या दिवशी भोरचा राजवाडा बघून ५५ किमी, घरी.

तोवर एकच तयारी करा : दर रविवारी एक चढ, सामान लावून. रिकाम्या सायकलवरचा सराव आणि आठ किलो मागे बांधलेली सायकल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रश्न : हाच रूट जुलैमध्ये केला तर? पावसातला घाट बघायचाय. — एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. हौस मला समजते, पण जुलै २०२१ मध्ये आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता, तळिये गावावर दरड कोसळली, महाड पाण्याखाली होतं. वरंधा तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच ठेवतात. ऑक्टोबर अखेरीस जा, हिरवं असतं, ओढे वाहते असतात आणि रस्ता कोरडा.

प्रश्न : माझ्याकडे बिनगिअरची सायकल आहे, कॉलेजला जातो त्यावर. मित्र साताऱ्याहून महाबळेश्वरला चाललेत. जाऊ का? — एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : मेढा, केळघरमार्गे जाणार असाल ना, ५५-६० किमी. मेढ्यापर्यंत आरामात जाशील, केळघरचा घाट बिनगिअरवर गुडघ्यांना त्रास देईल. आठवड्यापुरती कुणाची गिअरची मागून घे, मागे ३२ किंवा ३४ दातांची मोठी चकती असलेली बघ, आणि मिळाली की आधी सीटची उंची स्वतःच्या मापाने लाव. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मिळालीच नाही तर तुझीच घेऊन जा, घाटात ढकल, पण परतीच्या उताराआधी दोन्ही ब्रेकच्या वायरी नव्या टाक. त्या दोन वायरींना फार खर्च येत नाही.