ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न 'कोणतं कार्ड घेऊ?' असेच आहेत. पत्रांतला बाकीचा तपशील वाचला की अडचण बऱ्याचदा कार्डाच्या आधीच कुठेतरी दिसते. कुणाच्या एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात), कुणाच्या अर्थिंगमध्ये, तर कुणाच्या खिडकीतल्या कूलरमध्ये. सारख्या प्रश्नांतून एकेक निवडून उत्तरं दिली आहेत.

माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचा जुना ऑफिसचा टॉवर आहे. आय-५, चौथी पिढी, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. यात आरटीएक्स ३०६० बसेल का? दुकानदार 'बसतं की' म्हणतो.
— वाचक, परभणी

स्लॉटमध्ये बसेल, पण चालवणार कशावर? ३०६० ला १७० वॅट लागतात. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, उरलेले एसएमपीएसमधून येणाऱ्या ८ पिनांच्या वायरीने यावे लागतात. ऑफिसच्या मशीनमध्ये ही वायर सहसा नसतेच. एसएमपीएस बदलू म्हणाल, तर अशा बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्डचं मुख्य कनेक्शन नेहमीच्या २४ पिनांचं नसून ६ किंवा ८ पिनांचं असतं आणि डब्याचा आकारही वेगळा असतो. मग कन्व्हर्टर शोधा, पत्रा कापा, हे सुरू होतं.

यावर दुकानातला जुगाड म्हणजे साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवरून ८ पिन काढून देणारा तुकडा. तो घेऊ नका. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्यातून १०० वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं.

बाजूचं झाकण काढून एसएमपीएसचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला वॅटचा आकडा सोडा, '+१२ व्ही'च्या रकान्यातले अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर लिहिले असतील तर प्रोसेसर आणि कार्ड मिळून हाती फक्त १९२ वॅट आहेत. कॅबिनेटसोबत 'फुकट' येणाऱ्या ४५० वॅटच्या डब्यांवरही कधी कधी एवढेच सापडतात. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३५ अँपिअरच्या आसपास असतात.

तुमच्या मशीनला वेगळी वायर न लागणारं कार्डच घ्या. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं. नावाला फसू नका, त्याच नावाचं ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे आणि त्याला वायर लागते. जीटीएक्स १६५० वापरलेलं मिळालं तरी चालेल, पण त्याच्या काही मॉडेलना ६ पिनांचं कनेक्शन आहे, ते फोटोत बघून घ्या. टॉवरऐवजी बारकं, आडवं कॅबिनेट असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे आखूड पट्टी सोबत आहे का ते विचारा. आरएक्स ६४०० स्वस्त दिसेल, पण ते ४ लेनचं कार्ड आहे (लेन म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली डेटाची वाट). तुमच्या जुन्या स्लॉटवर त्या वाटेचा वेग निम्म्यावर येतो, वर मेमरी ४ जीबीच.

आणि एक. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून पुढच्या मशीनमध्ये नेता येईल तेवढ्यावरच खर्च करा: कार्ड आणि २.५ इंची साटा एसएसडी. नवी डीडीआर३ रॅम घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणखी ८ जीबी हवीच असेल तर वापरलेली पट्टी घ्या.

रायझन ३ ३२००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबीची एकच पट्टी, ४५० वॅटचा एसएमपीएस. आधी प्रोसेसर बदलू की कार्ड घेऊ? की सगळं विकून एएम५ वर जाऊ? एकदम सगळे पैसे नाहीत.
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटला डीडीआर५ रॅमच लागते. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवं. एकदम पैसे नसतील तर त्या वाटेला जाऊच नका, तुमच्या बोर्डात अजून बरंच काही शिल्लक आहे.

पहिल्यांदा रॅम. पहिल्या पट्टीच्याच वेगाची दुसरी ८ जीबी पट्टी घ्या आणि दोन्ही प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. ३२००जी चं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी उसनी घेतं, त्यामुळे एका पट्टीवर ते गुदमरतं. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारा पर्याय, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पडून राहते. बऱ्याच जणांची रॅम वर्षानुवर्षं अशीच चालत असते.

मग कार्ड. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट आणि ८ पिनांची एक वायर लागते. एसएमपीएस नावाजलेला असेल तर ४५० वॅट पुरतात. लेबलाचा हिशेब वर दिलाच आहे.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी, रायझन ५ ५६००. क्रम उलटा केलात तर फसाल. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. ५६००जी मध्ये ते आहे, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) निम्मी, १६ एमबी. कार्ड घेणारच असाल तर जी च्या मागे लागू नका.

प्रोसेसर बदलायच्या आधी, जुना आत असतानाच बायोस अपडेट करा. बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन नंबर बोर्डावरच छापलेला असतो, तो बघून कंपनीच्या साइटवरून फाइल घ्या. खालची टीपही वाचा, काही बोर्डांना आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. यूपीएस नसेल तर त्या वेळेपुरता कुणाचा तरी मागून आणा. अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली तर बोर्ड दुकानात न्यावा लागतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.

प्रोसेसरवरचा जुना कूलर काढताना घाई नको. दोघांमधली पेस्ट सुकलेली असते, कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या १३३१ पिनांपैकी दोन-चार वाकतात. दहा मिनिटं गेम चालवून मशीन गरम करा, बंद करून प्लग काढा, स्क्रू किंवा खटका सोडवा, कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत सैल करा आणि मगच उचला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. '५६०० ट्रे' स्वस्त दिसला तर त्यात कूलर नसतो, हे लक्षात ठेवूनच भाव करा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, उन्हाळ्यात जास्तच. लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर पीसी रीस्टार्ट होतो. नवं कार्ड घ्यायचंय, भीती वाटते.
— वाचक, जालना

भीती रास्त आहे. कार्डाचे पैसे तसेच बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.

प्रत्येक एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा किंचितसा करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा २३० च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. त्याच मुंग्या. करंट फार कमी असतो, पण अशा मशीनला चालू असताना टीव्हीची एचडीएमआय वायर खुपसली की तो सगळा त्या वायरीतून वाट काढतो आणि कार्डाचं पोर्ट जातं. वायरिंग तपासून होईपर्यंत पत्र्याला हात लावायच्या आधी प्लग काढत जा.

उन्हाळ्यात त्रास वाढतो त्याचं कारण आपली काळी माती. एप्रिल-मेमध्ये ती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि खड्डा असून नसल्यासारखा होतो. त्या दिवसांत खड्ड्यात एक-दोन बादल्या पाणी ओतत राहा. मीठ-कोळसा भरून बरीच वर्षं झाली असतील तर खड्डा नव्याने भरून घ्या. त्याआधी साध्या गोष्टी बघा: भिंतीवरच्या बोर्डातल्या वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर जोडलेली आहे का, एक्स्टेन्शनची तिसरी पिन कुणी तोडली आहे का, मध्ये दोन पिनांचा कन्व्हर्टर आहे का.

मल्टिमीटरवर फेज-अर्थ २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. मात्र मीटर नगण्य करंट ओढतो, त्यामुळे कमजोर अर्थिंगही त्यावर चांगलं दिसू शकतं. पक्की खात्री अर्थ टेस्टरने होते, तो वायरमनला आणायला सांगा. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'झालं काम' म्हणणारेही भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतील.

आता रीस्टार्ट. इन्व्हर्टरच्या मागे सहसा एक बटण असतं, त्यावर साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. यूपीएस मोडवर टाका. एसएमपीएस वीज नसताना पूर्ण भारावर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो, साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला पलटी खायला त्याहून जास्त वेळ लागतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मोड बदलूनही चांगला एसएमपीएस गुणगुणतो किंवा बंद पडतो. त्याला साइन वेव्हच लागतो.

वेगळा यूपीएस घेत असाल तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट समजू नका, तो साधारण ३६० वॅटचा असतो. ३०६० च्या दर्जाचं कार्ड आणि मॉनिटर धरून १००० ते ११०० व्हीए घ्या. एवढं करून गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरतीच काही मिनिटं मिळतात. लोडशेडिंगमध्ये तासभर खेळायचा बेत असेल तर यूपीएसकडून ती अपेक्षा नको.

मेमध्ये दुपारी गेम अडखळतो, रात्री नीट चालतो. पीसी खिडकीतल्या कूलरसमोर ठेवलाय तरी.
— बारावीतला वाचक, लातूर

कूलरसमोर ठेवलायस तिथेच चुकतंय. वाळ्याच्या पडद्यातून हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि पाणी बोअरचं असेल तर ते वाळल्यावर क्षाराचा पांढरा थर बोर्डावर राहतो. त्यावर धूळ चिकटली की झालं. पीसी झोताच्या बाजूला सरकव आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेव, नाहीतर खोली नुसती दमट होते.

पार्टचं तापमान खोलीच्या तापमानासोबत जवळपास अंशाला अंश चढतं. यूट्यूबवरच्या चाचण्या साधारण २२ अंशांच्या खोलीत होतात. तुझी खोली दुपारी ३८ वर असेल तर तिथल्या प्रत्येक आकड्यात १६ मिळव. तिथे ७४ दाखवणारा प्रोसेसर तुझ्याकडे ९० वर जातो आणि उदाहरणार्थ रायझन ५ ५६०० ची मर्यादाच ९० आहे. मग तो आपणहून वेग कमी करतो. तोच तुझा अडखळा.

मार्च संपायच्या आत साफसफाई कर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, मोकळा पंखा हवेने भरमसाट फिरून बेअरिंग जातं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा नको, त्यात पाणी आणि तेल येतं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण आणि फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झएवढ्याच बांधून टाक. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर १४० फ्रेम काढून फक्त खोली तापते. कॅबिनेटचं पुढचं तोंड अखंड काचेचं असेल तर मेपुरतं बाजूचं झाकण काढून बघ. त्याने आठ-दहा अंश उतरले तर दोष कॅबिनेटचा, प्रोसेसरचा कूलर बदलून उपयोग नाही.

'आय-७ गेमिंग पीसी, १६ जीबी, आरजीबी' अशी जाहिरात बघितली, भाव फारच कमी. घ्यावा का?
— वाचक, बीड

आय-७ च्या पुढचा नंबर विचारा. ३७७० निघाला तर तो २०१२ चा आहे. त्यात एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरमधला सूचनांचा संच) नाही, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत. कार्ड वेगळं तपासा. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला १०५० टीआय म्हणवणारे नग बाजारात आहेत, जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर नेऊन चालवा, नक्कल असेल तर बहुतेकदा तेच सांगतं. आरएक्स ५८० असेल तर त्यातच दिसणारा शेडरचा (कार्डातल्या हिशेब करणाऱ्या बारक्या घटकांचा) आकडा २३०४ हवा. २०४८ दिसला तर ते कमी ताकदीचं आहे. दिव्यांचे पैसे देऊ नका.

व्हॅलोरंटमध्ये पिंग १२० येतो. कोणतं कार्ड टाकू?
— वाचक, हिंगोली

कोणतंच नाही. पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, त्याचा कार्डाशी संबंध नाही. वायफाय सोडून राउटरपासून लॅन केबल ओढा आणि गेममध्ये मुंबईचा सर्व्हर निवडलाय का ते बघा. तरी १२० च असेल तर इंटरनेटवाल्याशी भांडा.

नवा पीसी जोडला, आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ४०६०. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही.
— वाचक, धाराशिव

मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली आहे का? एफ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, ती कार्डालाच हवी. तसं नसेल तर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली ८ पिनांची प्रोसेसरची वायर बघा, ती राहून गेली तरी पंखे फिरतातच. कार्डाची ८ पिनांची वायर त्याच्यासारखीच दिसते पण वेगळी आहे, एकीच्या जागी दुसरी रेटून बसवू नका. मग रॅमची एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकं खट्ट आवाज होईपर्यंत दाबून. पहिल्या वेळी रॅम ओळखायला बोर्ड एक-दोन मिनिटं घेऊ शकतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. इतकं करूनही काही नाही तर बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, डीरॅम (रॅम), व्हीजीए (कार्ड) असे बारके दिवे असतात. त्यातला कोणता पेटून राहतो ते लिहून घ्या आणि बिलावर सिरियल नंबर आहे ना हे बघूनच दुकानात जा.