आईबाबांच्या लसी: नागिणीची लस तरी चुकवू नका

ताई, बाबा ६६ चे आणि त्यांना शुगर, आई ६१ ची, दोघांना कुठल्या लसी द्यायच्या असं विचारलंत. आमच्याकडे हे फार उशिरा सुचलं म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

माझ्या वडिलांना नागीण झाली होती. उजव्या बरगडीखाली लाल पट्टा उठला, त्यावर पाणी भरलेले फोड, आणि घरात जो येईल तो सांगतोय विळखा पूर्ण व्हायच्या आत मंत्र घालून आणा, त्यात चार दिवस गेले. विळखा वगैरे काही नसतं हो, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू नसेच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि वय झालं की त्याच नसेच्या वाटेने वर येतो, म्हणून एकाच बाजूला उठते. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा फायदा, आमची ती वेळ हुकली. फोड महिन्याभरात वाळले पण आग राहिली सात महिने. बनियन अंगाला घासलं तरी कळवळायचे, कुणी आलं तर पंचा समोर नुसता धरून बसायचे, अंगाला टेकू न देता.

म्हणून सांगतो, ५० च्या पुढे शिंग्रिक्स, म्हणजे नागिणीची लस, घ्याच. दोन डोस, मध्ये २ ते ६ महिने. महाग आहे, खरंच आहे, पण त्यात जिवंत विषाणू नसतो त्यामुळे शुगरवाल्यांनाही चालते. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते.

तुमच्या बाबांना मात्र आधी फ्लू आणि न्यूमोनियाची द्या. फ्लूची दरवर्षी, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याच्या आधी. न्यूमोनियाची आधी १३ वाली (म्हणजे जंतूच्या १३ प्रकारांवरची) आणि वर्षभराने २३ वाली असं असतं, आता २० वाली पण आलीय, तिचा एकच डोस, बाबांना कुठली ते डॉक्टर सांगतील. धनुर्वाताचं टीडी दर १० वर्षांनी, आपल्याला ते खिळा लागल्यावरच आठवतं. आणि कावीळ बी (हिपॅटायटिस बी) च्या लसीचं विचारा, आधी रक्त तपासतात, मग ०, १, ६ महिन्यांनी तीन डोस.

डोस दिला की बाटलीवरचं स्टिकर मागून घ्या आणि वहीत तारखेसकट चिकटवा. आमच्या बाबांचा न्यूमोनियाचा पहिला डोस नेमका कुठला होता हे शोधायला आम्हाला दोन दवाखाने पालथे घालावे लागले.