कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात असलेल्या भावासोबत मुक्कामी राहता येतं का?

येतं. ही सोय अमेरिकेतल्या मोजक्याच राज्यांत आहे. केंद्रीय तुरुंगांत नाही. भेट साधारण 30 ते 40 तासांची, तुरुंगाच्या आवारातल्या छोट्या घरात.

आई-वडील, भावंडं, मुलं, कायदेशीर जोडीदार चालतात. चुलत-मावस भावंडं किंवा लग्न नुसतंच ठरलेला जोडीदार चालत नाही. आधी फॉर्म 106 (भेटायला येणाऱ्याने भरायची प्रश्नावली) भरून साध्या भेटीची मंजुरी घ्या. मुक्कामाचा अर्ज मात्र भावाने आतून, त्याच्या समुपदेशकाकडे करायचा. भावाला लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ही भेट मिळत नाही.

अर्ज नात्याच्या पुराव्यावर अडू शकतो. भावंडांनी दोघांचे जन्मदाखले काढावेत, त्यांवरची आई-वडिलांची नावं जुळतात का ते पाहावं. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

घरचा डबा नेता येत नाही (पुरणपोळी विसराच). किराणा तुरुंगामार्फतच आगाऊ मागवून पैसे भरायचे, स्वयंपाक आत करायचा. निळी डेनिम नको, ती कैद्यांच्या कपड्यांसारखी दिसते. औषधं लागत असतील तर आधीच कळवा. मुक्कामातही कैद्यांची मोजणी होतेच, रात्रीसुद्धा.