शेजारी डेटा सेंटर : अंतर नक्की कुठून मोजायचं?

प्रश्न : आमच्या वसाहतीला लागून असलेल्या भूखंडावर डेटा सेंटर येतंय. अर्जात मात्र वापर 'गोदाम' असा लिहिलाय. हे नियमात बसतं का?

बसू शकतं, आणि खरी अडचण तीच आहे. पुष्कळ ठिकाणच्या विकास नियमावल्या जुन्या आहेत. त्यांत डेटा सेंटर हा शब्दच नसतो, मग अर्जदार गोदाम, कार्यालय, दूरसंचार केंद्र यांतला सोयीचा रकाना निवडतो. गोदाम रात्री झोपतं. डेटा सेंटरचे चिलर, म्हणजे सर्व्हर थंड ठेवणारी यंत्रं, चोवीस तास चालतात. अर्जातला वीजभार पाहा. साध्या गोदामाला दहा-वीस मेगावॅट वीज आणि डिझेल जनरेटरची रांग लागत नाही. हरकतीत हाच आकडा पुढे करा.

मग नियमावलीतला भूवापराचा तक्ता उघडा. हा वापर तिथे थेट परवानगीत आहे की विशेष परवानगीत, यावर पुढचं सगळं ठरतं. थेट असेल तर नियमांत बसणारा नकाशा अडवता येत नाही आणि सहसा सुनावणीही होत नाही. विशेष परवानगीत सुनावणी होते, अटी घालता येतात. डेटा सेंटरांची प्रचंड दाटी असलेल्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीने मार्च २०२५ मध्ये थेट परवानगीची वाट बंद केली. तोवर बरीच केंद्रं उभी राहून गेली होती, हे वेगळं.

प्रश्न : इमारत आमच्या हद्दीपासून ६० मीटरवर आहे, ध्वनी अहवालातला आकडाही मर्यादेत आहे. तरी रात्री खिडकी लावली की घुमघुम जास्तच जाणवते. हा भास आहे का?

भास नाही. बंद काच वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवते, खालच्या पट्टीतला फारसा नाही. इतर गोंगाट गेला की घुमघुम उघडी पडते.

अहवाल बहुधा ए-भारित डेसिबलमध्ये असतो. हे माप कानाच्या संवेदनेप्रमाणे खालची पट्टी कापून टाकतं. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल. म्हणजे त्या पट्टीतला ६० डेसिबलचा आवाज कागदावर ३४ उरतो. सी-भारित मापात तिथे एक डेसिबलही कापला जात नाही. आणि मोठे पंखे बोलतात ते याच पट्टीत : मिनिटाला ६०० फेरे आणि ७ पाती असतील, तर सूर लागतो ७० हर्ट्झचा. एकाच जागी, एकाच वेळी दोन्ही मापं घ्या. फरक १५-२० डेसिबलच्या वर गेला, तर पट्टीवार विश्लेषण मागा.

आता ते ६० मीटर. सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि इमारत यांच्यात सोडायची मोकळी जागा, इमारतीच्या भिंतीपासून मोजतात. चिलर आणि जनरेटर भिंतीबाहेर, तुमच्याच बाजूच्या मोकळ्या जागेत ठेवले असतील, तर त्या अंतराला अर्थ राहत नाही. एकट्या यंत्राचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. लांबलचक रांगेजवळ फक्त ३ ने. शिवाय अहवाल प्रकल्पाच्या फक्त पहिल्या टप्प्याचा आहे का, तेही तपासा. तितक्याच अंतरावर एकाऐवजी २० सारखे चिलर लागले, तर आकडा १३ डेसिबलने चढतो.

प्रश्न : कंपनी मध्ये झाडांचा पट्टा लावणार आहे. पुरेल का?

डोळ्यांना पुरेल. दाट झाडीचा रुंद पट्टाही आवाज थोडकाच कमी करतो, खालच्या पट्टीत तर जवळपास नाहीच. यंत्र नजरेआड करणारी फटी नसलेली भिंत बरी, पण गच्चीवरचे चिलर तिच्यावरून डोकावत असतील तर तीही वाया.

प्रश्न : हरकतीत नेमकं काय लिहावं?

'आवाज होईल' असं लिहू नका. ते वाक्य फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. अटीचे शब्दच द्या : ध्वनिमर्यादा निवासी हद्दीवर, रात्री, सर्व टप्पे पूर्ण भारावर धरून, ए आणि सी दोन्ही मापांत. अंतर सर्वांत जवळच्या यंत्रापासून.

जनरेटरला ध्वनिमर्यादेतून 'आणीबाणी'ची सूट मिळते. ती वीज गेल्यावरच लागू, चाचणीला नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. चाचणी कामाच्या दिवशी, दुपारी, एका वेळी एकच जनरेटर.

शेवटची मोजणी कधी, हा मुद्दा हमखास सुटतो. व्हर्जिनियातल्याच फेअरफॅक्स काउंटीने २०२४ मध्ये निवासी हद्दीपासून इमारतीला २०० फूट अंतर घातलं आणि ध्वनी अभ्यास बांधकामाआधी व वापर सुरू झाल्यावर असा दोनदा सक्तीचा केला. पण भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी सर्व्हरचे रॅक बरेचसे रिकामेच असतात, पंखे मंद फिरतात आणि अहवाल हसत हसत पास होतो. म्हणून अटीत तारखेसोबत भारही लिहा : वीजभार मंजुरीच्या ८० टक्क्यांवर गेल्यापासून तीन महिन्यांत, उन्हाळ्यातल्या रात्री, फेरमोजणी.